वाईसारीची पंगत

लितिया शाळेत जात नाही हे तिच्या आईला बरेच दिवस कळलंच नव्हतं. सकाळी ती बाकीच्या पोरांबरोबर नाबुकाच्या टेकडीवरून खाली उतरायची, ओढा आला की मागं मागं राहायची आणि पेरूच्या झुडपांत शिरून बसायची. उन्हं कलल्यावर पोरं परत येताना दिसली की त्यांच्यात मिसळून घरी यायची. एकदा तिची आई किनिसिमेरे आडदिवशी धुणं घेऊन ओढ्यावर गेली, तेव्हा तिला झुडपात निळा फ्रॉक दिसला.

पोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. जेवणाचा डबा शेजारी तसाच होता, न उघडलेला.

"शाळा सुटली?" आईनं विचारलं.

लितियानं मान खाली घातली. नऊ वर्षांची पोर. घरात तिची टकळी उजाडल्यापासून चालायची. आता किनिसिमेरे विचारून विचारून दमली तरी तोंड उघडेना. शेवटी तिनं हातातला ओला पिळा दगडावर टाकला आणि पोरीला जवळ ओढलं. तेव्हा कुठं पोर बोलली, "त्यांनी माझं टेबल धुतलं."

बाकीचं मग संध्याकाळी इतर पोरांकडून कळलं.

उन्हाळ्यातल्या वादळानं नाबुकाची शाळा उडवून नेली होती. छपराचे पत्रे पार दरीत सापडले, लिहायचे काळे फळे तर सापडलेच नाहीत. सरकारनं सांगितलं, नवी शाळा होईल तेव्हा होईल, तोवर पोरं खाली वाईसारीच्या शाळेत घाला. वाईसारी ही ऊसवाल्या हिंदुस्थानी लोकांची वस्ती. शाळा त्यांच्याच आजे-पणजांनी, ह्या बेटावर गिरमिटातून, म्हणजे कराराच्या मजुरीतून, सुटलेल्या मजुरांनी, स्वतःच्या हातांनी उभी केलेली. जमीन मात्र नाबुकाच्या कुळाची, मुदतीवर दिलेली, आणि ती मुदत ह्या वर्षाअखेर संपत होती.

वाईसारीनं पोरांना घेतलं, नाही म्हटलं नाही. पण एक दिवस लितियाच्या डब्यात उकडलेल्या कसाव्याच्या कंदाबरोबर पत्र्याच्या डब्यातलं गोमांस निघालं. वादळानंतर मदतीत तेच येत होतं, घरोघरी तेच खात होते. शेजारच्या पोरीनं बघितलं आणि ती किंचाळत उठली. मोठ्या बाई, सरोजनी बाई, आल्या. त्यांनी लितियाला भिंतीशी उभं केलं, फिनेल घातलेली बादली मागवली आणि टेबल धुऊन काढलं. मग ती बसत होती तो बाकही धुतला. बाई रागावल्या नाहीत. एक शब्दही बोलल्या नाहीत. सगळा वर्ग बघत होता आणि पोर भिंतीला पाठ लावून, हातात डबा धरून उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून नाबुकाच्या पोरांनी शाळेच्या मागं, ऊस वाहणाऱ्या गाडीच्या रूळांच्या कडेला बसून जेवायचं असं ठरलं. तिथं सावलीचं नाव नव्हतं.

लितियाचा बाप आपाकुकी ऊसतोडीच्या टोळीत होता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा नेहमीसारखाच नखशिखांत काळा होता. जळीत उसाची काजळी घामात कालवून अंगावर वाळली होती, फक्त डोळे आणि दात तेवढे पांढरे. किनिसिमेरेनं पाणी ओतता ओतता त्याला सगळं सांगितलं. त्यानं पाठ चोळून घेतली, कमरेला सुलूचं वस्त्र नेसला आणि ओसरीवर बसून कोयत्याला कानस मारत राहिला. धार लागली तरी मारत राहिला.

टोळीचा सरदार रामधारी, आणि शाळा कमिटीचा प्रमुखही तोच. टोळीत अर्धी माणसं वाईसारीची, अर्धी नाबुकाची. दुसऱ्या दिवशी सकाळीच रामधारीचं वरचं शेत पेटवून घेतलं होतं. पाचट जळून गेलेलं, काळ्या कांड्या ताठ उभ्या. जळलेला ऊस दोन-तीन दिवसांत कारखान्यात पडला नाही तर आंबतो, हे टोळीतल्या सगळ्यांना ठाऊक. माणसं वाकून सपासप बुडखे छाटत होती, शेंडे उडवत होती, मोळ्या खांद्यावर घेऊन लॉरीवर चढवत होती. राख नाकात जात होती. थुंकलं तर थुंकीही काळी.

दुपारी रामधारीची बायको अंगम्मा डोक्यावर भाताचं पातेलं आणि हातात डाळीचा डबा घेऊन आली. वर्षानुवर्षं हा रिवाज. ज्याचं शेत त्याचं जेवण, आणि सगळी टोळी एका गोलात. आपाकुकी रोज घरून भाजलेला कसावा आणायचा, आणि रामधारी तो हक्कानं मागून घ्यायचा. त्या दिवशी आपाकुकीनं ताट घेतलं नाही. उभाच राहिला.

"काय रे आपा, पोट बिघडलं काय?" रामधारी म्हणाला. "बस की. आज वांगं आहे."

"सरदार, मी बसलो तर ही जागा नंतर धुवावी लागेल का? तेवढं आधी सांगा."

कुणाचा घास तोंडाशी, कुणाचा हातात. रामधारीला कळलं. टेबलाची गोष्ट त्याच्या कानावर आली होती, जेवायची जागा बदलायला त्यानंच मान डोलावली होती.

"शेत वेगळं, शाळा वेगळी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिथं सरस्वतीची तसबीर आहे. पाळावं लागतं."

"म्हणजे ऊस तोडताना मी चालतो. माझी पोर शिकताना नाही चालत."

आपाकुकीनं कोयता जमिनीत रोवला आणि बांधाकडं चालू लागला. एकेक करत नाबुकाची सगळी माणसं उठली. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त कोयते मातीत रुतल्याचे आवाज आले. अंगम्मा डाव हातात धरून बघत राहिली.

त्याच दिवशी दुपारनंतर नाबुकाच्या सभागृहात चटया पसरल्या गेल्या. कुळाचा मुखिया तानिएला, म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेला, समोर बसला. यांगोनाच्या मुळीपासून केलेल्या पेयाचं मोठं लाकडी पात्र मध्ये ठेवलं. नारळाची करवंटी फिरली. मग तानिएला बोलला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मुदत संपते आहे, ती वाढवायची नाही. ज्या जमिनीवर आपल्या पोरांना बसायला जागा नाही ती जमीन आपण दुसऱ्याला का द्यायची? पुरुषांनी माना डोलावल्या. आपाकुकीनंही डोलावली.

किनिसिमेरे बायकांत, दाराशी बसली होती. अशा बैठकीत बायका मागं बसतात आणि बोलायचं तर नवऱ्याकडून बोलतात. ती गुडघ्यांवरच थोडी पुढं सरकली.

"आजोबा, बोलू का?"

तानिएलानं चांगला डोळा तिच्याकडं वळवला. "बोल."

"जमीन परत घेऊन तिथं काय लावायचं?"

"लावू काहीतरी. कसावा लावू."

"कसाव्याला वाचता येत नाही, आजोबा." कुणीतरी खुसखुसलं. ती थांबली नाही. "आपली शाळा दरीत गेली. त्यांचीही पाडली तर पोरं जाणार कुठं? पेरूच्या झुडपात? एक पोर तिथं बसून आली आहे, तिला विचारा काय शिकली. मला जमीन नको. मला त्या शाळेत माझ्या पोरीची जागा पाहिजे. आत."

"ती देत नाहीत ते," आपाकुकी चिडून म्हणाला.

"तू मागितलीस कुठं? कोयता रोवून आलास."

बैठकीत हशा झाला, आपाकुकीचे कान लाल झाले. तानिएला मात्र हसला नाही. करवंटी हातात फिरवत म्हणाला, ठीक आहे, तुला काय मागायचं ते मागून बघ. आठवडा संपला की जमिनीचं बोलू.

दुसऱ्या दिवशी किनिसिमेरे पोरीचा हात धरून खाली उतरली. लितिया ओढ्यापाशी अडली, तिनं तिला पाठीवर घेतलं. नाबुकाच्या आणखी काही बायका निघाल्या. नुसत्या बघायला, असं म्हणत निघाल्या. दुपारची घंटा झाली तशी पोरं शाळेच्या मागं रूळांच्या कडेला येऊन बसली, आणि त्यांच्यात या बायका बसल्या. ऊन असं की रूळांना हात लावला तर फोड यावा. खडी चटईतून टोचत होती. किनिसिमेरेनं अळूची पानं घालून शिजवलेली मासळी आणली होती. तिनं ती उघडली आणि शांतपणे जेवायला सुरुवात केली. वर्गाच्या खिडक्यांत वाईसारीची पोरं गोळा झाली. सरोजनी बाई दारात आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा आत गेल्या.

तिकडं अंगम्मानं त्या दिवशीही टोळीचा स्वयंपाक केला होता. काल तापले, आज येतील, असं तिला वाटत होतं. ती बांधावर पोचली तर शेतात वाईसारीची पाच-सहाच माणसं काळ्या उसात चाचपडत होती. नाबुकाचे कोयते काल रोवले तसेच उभे होते. रामधारी उसाची कांडी दाताखाली धरून चव बघत होता. तिनं पातेलं खाली ठेवलं नाही. वळली आणि शाळेच्या वाटेला लागली. नवऱ्यानं हाक मारली, तिनं ऐकली नाही.

शाळेच्या मागं येऊन ती किनिसिमेरेच्या शेजारी बसली. पातेल्याचं झाकण काढलं. दोघी एकमेकींना बाजारापुरत्या ओळखत होत्या.

"वाढू?" अंगम्मानं विचारलं.

"तुमच्या घरचं आम्ही रोज खातोच," किनिसिमेरे म्हणाली. "नवरे खातात. आम्ही आज खाऊ."

अंगम्मानं पोरांच्या डब्यांच्या झाकणांत भात घातला. वाढता वाढता, मान वर न करता, ती सांगत होती. ती ह्याच शाळेत शिकली होती. घरी तमिळ बोलायचे, आणि बाकी सगळी हिंदीवाली. तिच्या डब्यातल्या चिंचेच्या रश्शाला वास येतो म्हणून पोरी नाक धरायच्या, 'मद्रासी, मद्रासी' करत मागं लागायच्या. ती आंब्याच्या आडोशाला बसून जेवायची. "माझ्या नशिबी निदान आंबा होता," ती म्हणाली. "तो मागच्या वादळात गेला."

रामधारी तिच्या मागोमाग आला होता. काजळीनं काळा, घामानं निथळत, हातात कोयता. त्याला बघून सरोजनी बाईही बाहेर आल्या. त्यांना बघून पोरांनी डबे जवळ ओढले.

"हे काय चालवलंय?" रामधारीनं बायकोला विचारलं.

"टोळीला जेवण देतेय. टोळी इथं आहे."

रामधारी किनिसिमेरेकडं वळला. रागानं नाही, पण अडून बोलला. गाय आमची माय आहे. आमच्या माणसांना गोऱ्यांनी जहाजात घालून आणलं, अंगावरचं सगळं गेलं, तेवढं एक राहिलं. ही शाळा आम्हाला कुणी दिली नाही, चाबूक खाल्लेल्या हातांनी बांधलीय. तिथं ते कसं चालेल, तूच सांग बाई.

किनिसिमेरे उठून उभी राहिली.

"नाही चालणार. बरोबर आहे तुमचं. आम्ही ते घरी खाऊ. मला कुणी सांगितलं असतं ना, सरदार, तर त्याच दिवशी माझ्या डब्यात मासळी आली असती. पण तुम्ही सांगितलं नाही. तुम्ही बादली आणलीत." मग ती सरोजनी बाईंकडं बघून म्हणाली, "बाई, तुम्ही टेबल धुतलंत त्याचं मला काही नाही. पोर बाजूला उभी होती. तिला वाटलं, तुम्ही तिलाच धुऊन काढलंत."

सरोजनी बाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं ह्याच शाळेत गेली होती. वाईसारीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी बाराखडी गिरवून दिली होती. त्या लितियाच्या समोर खडीत बसल्या, गुडघे टेकून. लितिया आईच्या मागं गेली. बाई म्हणाल्या, "माझं चुकलं, बाळ." लितियानं तोंड बाहेर काढलं नाही. बाई तशाच बसून राहिल्या. ऊन त्यांच्याही डोक्यावर होतं.

मग त्या उठल्या आणि वर्गात गेल्या. आतून बाकं ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांनी आत येऊन जेवायचं. कुठलाही बाक, कुठलीही जागा.

पण आपाकुकी आणि तानिएला तिथं नव्हते, आणि नाबुकात गोष्ट अशी मिटत नाही. ज्यानं चूक केली त्यानं वर जायचं, यांगोनाची मुळी घेऊन, आणि सगळ्या कुळासमोर ठेवायची. रामधारीला हे ठाऊक होतं. तो घरी येऊन आंघोळ करून ओट्यावर बसला. अंगम्मानं त्याच्यापुढं धुतलेला सदरा ठेवला.

"ऊस आंबतोय म्हणून जाणार असाल तर जाऊ नका," ती म्हणाली. "ते त्यांना लगेच कळेल."

"ऊस आंबतोयच."

"आंबू दे की. दुसरं काही असेल तर जा."

रामधारी सदरा उलगडू लागला. मग बोलला, "आपा माझ्या पोराच्या लग्नात नाचला होता. मी त्याच्या पोरीला उन्हात बसवलं." आणि सदरा घातला.

टेकडीची वाट चढणीची, लाल मातीची. सरोजनी बाई सोबत निघाल्या. त्यांच्या वहाणेचा अंगठा वाटेतच तुटला, मग त्या अनवाणी चढल्या. मध्ये एकदा दम खायला थांबल्या, खाली वळून शाळेकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आणि ही पोरं उशिरा आली की मी त्यांना बाहेर उभं करते."

सभागृहात रामधारी चटईच्या अगदी कडेला बसला. डोकं खाली. समोर यांगोनाची मोठी मुळी, मातीसकट. त्याला नाबुकाची बोली टोळीपुरती यायची, तीत शिव्या आणि थट्टाच जास्त. त्यातूनच शब्द वेचत तो बोलला. तुमच्या जमिनीवर बसून तुमच्याच पोरांना उठवलं. त्याला मी मान हलवली. मला क्षमा करा. एका ठिकाणी त्याचा शब्द इतका चुकला की मागं बसलेल्या बायकांनी तोंडात सुलूचे पदर कोंबले. पण कुणी हसू फुटू दिलं नाही.

तानिएलानं आपाकुकीकडं बघितलं. मुळी उचलायची की नाही हे आता त्याच्यावर होतं. त्यानं मागं वळून बायकोकडं बघितलं. किनिसिमेरेनं काही खूण केली नाही. मग तो पुढं सरकला, मुळी दोन्ही हातांनी उचलली आणि टाळ्या वाजवल्या, पोकळ, खोल, रिवाजाप्रमाणं. सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तानिएला म्हणाला, "गोष्ट मातीत पुरली."

करवंटी रामधारीच्या हातात आली. त्यानं ती एका दमात संपवली. आपाकुकी त्याच्या शेजारी येऊन बसला आणि कानाशी म्हणाला, "सरदार, तू मघाशी क्षमा नाही मागितलीस. तू आमच्याकडं बेडूक मागितलेस." रामधारी हसता हसता रडायला लागला, आणि मग काय, सगळेच हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाबुकाची टोळी खाली उतरली. टोळीच नाही, टोळीत नसलेलेही आले. ज्यांनी कोयता वर्षानुवर्षं धरला नव्हता ते आले. वाईसारीतून कमिटीची माणसं आली, खांद्यावर टॉवेल टाकून, पोटं सुटलेली. ऊस आंबायच्या आत काढायचा होता. सूर्य वर यायच्या आत अर्धी ओळ आडवी झाली. बायका मोळ्या बांधत होत्या, किनिसिमेरे आणि अंगम्मा एकाच मोळीला दोन बाजूंनी लागल्या. दुकानदार नारायण थोड्याच वेळात बांधावर बसून हातांचे फोड मोजायला लागला, तेव्हा आपाकुकीनं त्याला विचारलं, "का हो शेटजी, गल्ल्याचं काम बरं वाटतं का?" दुपारपर्यंत सगळी माणसं इतकी काळी झाली की कोण कुठल्या वस्तीचं हे हाक मारल्याशिवाय ओळखू येईना. शेवटची लॉरी भरून कारखान्याच्या रस्त्याला लागली तेव्हा सबंध शेतातून एकच आरोळी उठली. रामधारी मोकळ्या शेतात मटकन बसला आणि त्यानं राखेचे दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

शाळेतलं काम मात्र उसासारखं एका दिवसात उरकलं नाही. आया दर शनिवारी जमायच्या आणि भांडायच्या. गोमांस शाळेत नको, हे नाबुकाच्या बायकांनी आधीच कबूल केलं होतं. तेव्हा वाईसारीतल्या मुसलमान घरातली रहीमनबी म्हणाली, मग डुकराचंही नको, माझी पोरं इतकी वर्षं गपचूप उठून जातात, कुणाच्या लक्षात तरी आलं का? नव्हतं आलं. तेही ठरलं. सकाळची प्रार्थना कुठली, यावरून एक शनिवार नुसता आरडाओरड्यात गेला. शेवटी एक दिवस ह्यांची, एक दिवस त्यांची, असं ठरलं, आणि ज्याला म्हणायची नसेल त्यानं नुसतं उभं राहावं. नाबुकाची बोली पहिल्या वर्गापासून सगळ्यांना, हिंदीही सगळ्यांना. रामधारीच्या नातवाला पहिल्याच चाचणीत बोलीत भोपळा मिळाला. अंगम्मानं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आजोबावर गेलाय. बेडूक."

आणि जेवणाची शेड उभी राहिली. वर्ग जेवायला अपुरा पडत होता. खांब नाबुकाच्या जंगलातून आले, माणसांनी टेकडीवरून खांद्यावर वाहून आणले. पत्रे वाईसारीनं दिले. कोबा घालायला दोन्हीकडची माणसं चिखलात गुडघाभर. रूळांच्या कडेलाच बांधली, म्हणजे त्या जागेवर आता गडद सावली पडली.

शेड उघडायच्या दिवशी तानिएला खाली आला. दोन पोरांच्या खांद्यांवर हात ठेवून, सावकाश. आठवडा कधीच संपला होता, जमिनीचं अजून कुणी काढलं नव्हतं. वाईसारीची माणसं चुळबुळत होती. म्हातारा उभा राहिला, खांबाला टेकला. कुळानं ठरवलंय, तो म्हणाला, ही जमीन शाळेला पुढच्या पिढीपर्यंत. सरकारी सोपस्कार होतील तेव्हा होतील, माझा शब्द आज. "अट एकच," तो म्हणाला, "ह्या शाळेत कुणाला उठवायचं नाही. आमच्यातल्या कुणी तुमच्या पोराला उठवलं तरी जमीन परत." टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. रामधारीनं म्हाताऱ्याचे पाय धरले. म्हाताऱ्याला तो रिवाज ठाऊक नव्हता, तो घाबरून खांबाला बिलगला.

मग घंटा झाली. पोरं डबे घेऊन शेडमध्ये घुसली. बायका बाहेर पातेली पुसत होत्या. तेवढ्यात आतून एका पोरीचा आवाज उठला, चढता, तिखट, अस्खलित हिंदीत. "सरक! मघाशीपण तूच खांबाशी बसला होतास! तुझ्या बापाचा आहे का खांब? माझ्या बापानं आणलाय तो!" दुसरा कुणी पोरगा उलट ओरडला, पत्रा माझ्या आजानं दिलाय. मग दोघांची जुंपली. सरोजनी बाईंचा आवाज आला, "लितिया! विकास! दोघंही गप्प बसा, नाहीतर दोघांनाही कोपऱ्यात उभं करीन!"

"पण बाई, तोच पहिल्यांदा..." लितिया थांबायला तयार नव्हती. बाई रागावत होत्या, ती त्यांच्यावर आवाज चढवून आपली बाजू मांडत होती, आणि मध्ये श्वास घेत नव्हती.

किनिसिमेरेनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. अंगम्मानं विचारलं, काय झालं गं?

"काही नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "माझी पोर मार खाणार आज बहुतेक. असू दे. बोलू दे तिला."